पित्याचा शब्द आणि पत्नीचा हिरा

पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कुणाला कर्करोगाचे निदान झाले, की पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी पेठ, मग सावळ घाटातून नाशिकचे जिल्हा रुग्णालय आणि तिथेही उपाय चालेना तर मुंबई. परळच्या रुग्णालयाचे पूर्ण नाव टाटा मेमोरिअल. पण गावाकडे ते कुणी घेत नाही. रुग्णाला टाटाला नेले, एवढेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला सारे उमगते. सोबतची माणसे दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहतात. या साऱ्या धावपळीत टाटा हे एका माणसाचे आडनाव आहे, याचा विसर पडणे स्वाभाविकच आहे. कुणी विचारलेच तर जुनी माणसे जमशेटजींचे नाव सांगतील, तरुण मंडळी रतन टाटांचे. ज्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून हे रुग्णालय उभे राहिले, ते सर दोराबजी टाटा मात्र या दोन मोठ्या नावांच्या मध्ये झाकले गेले आहेत.

पेठेहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता घाट उतरून धरमपूरला पोहोचतो आणि त्याच्याही पुढे, समुद्राच्या अंगाला, नवसारी लागते. हंगाम संपला की पेठ-सुरगाण्याची माणसे मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. टाटांचे घराणे नेमके उलट दिशेने आले. इराणातून परागंदा होऊन गुजरातच्या किनाऱ्यावर विसावलेल्या पारशी समाजातले हे पुरोहितांचे कुळ. नसरवानजी टाटांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार मांडला आणि त्यांचा मुलगा जमशेटजी वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांच्यामागोमाग मुंबईला आला. जमशेटजी आणि हिराबाई यांच्या पोटी २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत दोराबजींचा जन्म झाला.

जमशेटजींनी नवसारी सोडली त्याच्या काही वर्षे आधी, म्हणजे १८४८ साली, स्कॉटलंडमधल्या एका विणकराचे कुटुंब पोटासाठी अमेरिकेला गेले होते. त्या कुटुंबातला मुलगा कापसाच्या गिरणीत बिगारी म्हणून लागला, पुढे तारखात्यात गेला आणि अखेर पिट्सबर्गचा पोलादसम्राट झाला. तो अँड्र्यू कार्नेगी. त्याने १९०१ मध्ये आपला कारखाना सुमारे ४८ कोटी डॉलरना विकला आणि उरलेले आयुष्य पैसा वाटण्यात घालवले. त्याच्या देणग्यांतून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. आधी मिळवावे, मग विकावे आणि मग द्यावे, असा हा सरळ क्रम. दोराबजींच्या आयुष्याला हा क्रम लागू पडत नाही. त्यांना देण्याचे वय येईपर्यंत वाट पाहता आली नाही. कारखाना नफ्यात असताना नव्हे, तर तो बुडू लागला तेव्हा त्यांना आपले सर्वस्व पुढे करावे लागले. आणि ते परत हाती आले तेव्हा त्यांनी ते दुसऱ्यांदा, कायमचे, सोडून दिले.

तरुणपणी त्यांच्यात या साऱ्याची चिन्हे फारशी दिसत नाहीत. इंग्लंडला शिक्षणासाठी गेले, केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दोन वर्षे राहिले, तिथे अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक चमकले. परत येऊन मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये बी.ए. झाले. पुढची दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काढली. जमशेटजींनी मुलाला लगेच गादीवर बसवले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८८४ नंतर आधी पाँडिचेरीला गिरणी चालेल काय याचा अंदाज घेण्यासाठी आणि मग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये उमेदवारीसाठी दोराबजींना धाडण्यात आले. १८७७ च्या पहिल्या दिवशी सुरू झालेल्या या गिरणीत बेझनजी मेहतांसारख्या खमक्या व्यवस्थापकाच्या हाताखाली त्यांना धंद्याची बाराखडी गिरवावी लागली. विदर्भाशी आणि मराठी मुलखाशी त्यांचा जवळचा संबंध आला तो इथे.

लग्न त्यांनी उशिरा, वयाच्या अडतिशीत केले. म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेले होरमसजी भाभा जमशेटजींचे स्नेही. त्यांच्या मुलीला भेटावे असे वडिलांनी सुचवले आणि दोराबजींनी ते मानले. मेहेरबाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. पण घरात नुसत्या शोभेला बसणाऱ्या नव्हत्या. नऊवारी-पाचवारीचे वाद चालू असलेल्या त्या काळात त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धांतली बक्षिसे जिंकत. पुढे स्त्रियांचे शिक्षण, पडदा आणि बालविवाह या प्रश्नांवर त्यांनी देशात व परदेशांत काम केले. या लग्नानंतर काही वर्षांतच दोराबजींनी त्यांच्यासाठी ज्युबिली नावाचा हिरा विकत घेतला. २४५ कॅरटहून अधिक वजनाचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. अशा हिऱ्याचे एका औद्योगिक घराण्यात काय काम, असा प्रश्न तेव्हाही कुणाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मिळायला चोवीसएक वर्षे जावी लागली.

पोलादाची कथा मात्र त्याआधीच, आपल्याच चांदा जिल्ह्यात सुरू झाली होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असा त्याचा आशय होता. वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालणारा नाही, हे चाचणीत दिसून आले आणि खाणींच्या जाचक सरकारी नियमांपुढे बेत गुंडाळावा लागला. कर्झनच्या कारकिर्दीत, १८९९ मध्ये, हे नियम सैल झाले तेव्हा साठीला आलेल्या जमशेटजींनी तो पुन्हा उलगडला. १९०२ मध्ये ते स्वतः अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला कामासाठी तयार केले. त्याच वर्षी त्यांनी परदेशातून दोराबजींना पत्र लिहून, अजून जागाही न ठरलेल्या त्या पोलादनगरीत रस्ते रुंद असावेत, झपाट्याने वाढणारी सावलीची झाडे लावावीत, खेळांसाठी मोठी मैदाने आणि देवळे, मशिदी व चर्चसाठी जागा राखून ठेवाव्यात, असे बजावले. पुढची दहा वर्षे दोराबजी त्या पत्राला बांधलेले राहिले.

पेरिनने पाठवलेला सी. एम. वेल्ड हा भूगर्भतज्ज्ञ, दोराबजी आणि त्यांचा आतेभाऊ शापूरजी सकलातवाला असे तिघे चांद्याच्या रानात हिंडू लागले. हाच शापूरजी पुढे ब्रिटनच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट म्हणून निवडून आला. इतिहास असे विनोद अधूनमधून करतो. बैलगाडीचा प्रवास, वाघांचे रान आणि पाण्याचे इतके दुर्भिक्ष, की चहासाठी सोडावॉटर उकळण्याची पाळी यावी. लोहाऱ्याचे खनिज खरोखरीच चांगले निघाले. परंतु ते विखुरलेले होते आणि योग्य कोळसा आसपास कुठेही नव्हता. वेल्डचे मत प्रतिकूल पडले. आता आपण परवाना सोडत आहोत, हे सरकारला कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला आले.

ज्या अधिकाऱ्याला भेटायचे होते तो जागेवर नव्हता. वेळ काढण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तो हाच. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला होता. तो रंग लोहखनिजाचा होता. नकाशा काढला होता प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भतज्ज्ञाने. चांद्याहून हात हलवत परतलेल्या माणसाने कंटाळून संग्रहालयात डोकवावे आणि तिथे त्याला नवी दिशा सापडावी, ही हकीकत कुणी कादंबरीत घातली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते. दुर्ग जिल्ह्यातल्या डल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या खनिजाने खच्चून भरलेल्या निघाल्या. तिथेही पाणी आणि कोळसा यांचा मेळ बसला नाही, हा भाग वेगळा. तेच खनिज अर्धशतकानंतर भिलाईच्या सरकारी कारखान्याला उपयोगी पडले. बोस यांनी मात्र फेब्रुवारी १९०४ मध्ये जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाची माहिती दिली. तिथला गोरुमहिसाणीचा डोंगर, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे, अशी जुळणी अखेर झाली.

ती पाहायला जमशेटजी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. मुलांच्या वाट्याला गिरण्या आल्या, नुकतेच सुरू झालेले ताजमहाल हॉटेल आले आणि तीन अपुरी कामे आली : पोलादाचा कारखाना, सह्याद्रीच्या पाण्यावर वीज आणि विज्ञान शिकवणारी संस्था. विज्ञानसंस्थेसाठी जमशेटजींनी सुमारे ३० लाखांच्या मिळकती देऊ केल्या होत्या. दोराबजी आणि धाकटे रतनजी यांनी त्यांतला एक रुपयाही मागे घेतला नाही. १९११ मध्ये बंगळूरच्या संस्थेत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली.

पोलाद त्याहून अवघड होते. त्यासाठी भांडवल लंडनच्या बाजारात मिळेल अशी अपेक्षा होती. तिथल्या सावकारांनी मानेने नकार दिला नाही, पण वर्षभर झुलवत ठेवले. शेवटी दोराबजींनी देशाकडे वळायचे ठरवले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली, भागभांडवल सुमारे २ कोटी ३२ लाख रुपये. वंगभंगानंतरचे, स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सगळे भांडवल भरून दिले. खेळत्या भांडवलाची अडचण आली तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकट्याने चार लाख पौंडांचे कर्जरोखे उचलले. रेल्वे मंडळाचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी टाटा करतील ते सगळे रूळ आपण खाऊन दाखवू, अशी थट्टा केली होती, असे सांगतात. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकचीत पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियासह अनेक आघाड्यांवर त्या कारखान्याचे सुमारे १५०० मैल रूळ गेले, तेव्हा दोराबजींनी अपकॉट साहेबांच्या पचनाची काळजी जाहीरपणे व्यक्त केली. १९१९ च्या प्रारंभी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेदपूर हे नाव दिले. कारखान्यात १९१२ पासूनच आठ तासांचा दिवस होता.

दोराबजींना १९१० मध्ये सर ही पदवी मिळाली होती. लोणावळ्याच्या धरणांतून खोपोलीला वीज तयार होऊन ती १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागली. मुंबईच्या धुरकट आकाशावर हा खरोखर उपकार होता. आता सीमेंट, तेलगिरणी, विमा कंपनी, औद्योगिक बँक अशी नवनवी खाती उघडत गेली. त्यांतली न्यू इंडिया ही विमा कंपनी टिकली, बँक टिकली नाही. इतकी ताणाताण नसती तर पुढचे संकट थोडे सौम्य झाले असते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

याच दशकातला एक प्रसंग महाराष्ट्राने अधिक लक्षात ठेवायला हवा. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी अध्यक्ष म्हणून आले होते. खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावत होती. केंब्रिजमध्ये धावपट्टी पाहिलेल्या या माणसाच्या लक्षात आले, की त्यांच्या वेळा परदेशातल्या खेळाडूंच्या तुलनेत अगदीच मागे नाहीत. पुढच्याच वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक होते. गव्हर्नर लॉइड यांच्यामार्फत खटपट झाली, खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला आणि चार धावपटू व दोन पैलवान असा भारताचा संघ रवाना झाला. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. पैलवान रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. कुस्तीतले ते पदक खाशाबा जाधवांच्या हातून यायला १९५२ उजाडावे लागले. पुढे भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडेच आले. त्यांनी केंब्रिजच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांना २५ हजार पौंड दिले, पुण्याच्या भांडारकर संस्थेला टाटा बंधूंनी सढळ हाताने मदत केली. परंतु अनवाणी मुलांना बोटीवर बसवणारे दोराबजी मला या देणग्यांपेक्षा अधिक जवळचे वाटतात.

आणि मग मुळशी. चरित्रलेखक या ठिकाणी पान उलटतात. मराठी वाचकाला तसे करता येत नाही. वीज अधिक हवी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधायला घेतले. मावळातली सुमारे पन्नास गावे, भाताची उत्तम खाचरे, देवळे आणि वाडे पाण्याखाली जाणार होते. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचे सेनापतिपद पांडुरंग महादेव बापटांकडे आले आणि तेच नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. लढा मोडला, कित्येक जण तुरुंगात गेले, धरण झाले. नुकसानभरपाईची मोठी रक्कम सावकारांच्या तिजोरीत गेली आणि कूळ उघडे पडले. कंपनीचे धुरीण या नात्याने याची जबाबदारी दोराबजींवर येते. वडिलांचे वीजस्वप्न पुरे करताना दुसऱ्या कुणाच्या बापजाद्यांची जमीन बुडत होती, हे त्यांना दिसले नसेल असे म्हणवत नाही. ज्या स्वदेशी उद्योगासाठी देशाने तीन आठवड्यांत पैसा ओतला होता, तोच उद्योग मावळच्या शेतकऱ्याला परका वाटला. दोराबजींचे औदार्य खरे आहे आणि मुळशीही खरी आहे. एकाने दुसरे फिटत नाही.

मुळशीत अटका चालू होत्या त्याच वर्षांत जमशेदपूरही डळमळू लागले होते. युद्धकाळातल्या तेजीच्या भरवशावर कारखान्याचा प्रचंड विस्तार हाती घेतला होता. यंत्रसामग्रीच्या किमती भडकल्या, वाहतूक कोलमडली, मजुरांचे संप झाले. युद्ध संपताच युरोपातले स्वस्त पोलाद भारतात येऊन कोसळले. लोखंडाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असलेल्या जपानला १९२३ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त केले. १९२४ मध्ये एके दिवशी जमशेदपूरहून मुंबईला तार आली : पगार वाटायला पैसे नाहीत. कारखाना चालेल की बंद पडेल, हा प्रश्न आता काही दिवसांचा होता.

या क्षणी दोराबजींचे वय पासष्ट होते. कंपनी मर्यादित दायित्वाची होती. कायद्याने त्यांना स्वतःच्या खिशाला हात लावण्याचे कारण नव्हते. कंपनी बुडाली असती तरी एस्प्लनेड हाउसचे वैभव, समभाग, चित्रे आणि जडजवाहीर शाबूत राहिले असते. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. तीत मेहेरबाईंचे दागिने होते आणि तो ज्युबिली हिराही होता. बँकेने एक कोटीचे कर्ज दिले. पगार झाले.

मेहेरबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल याची नोंद मिळत नाही. गहाण पडलेले दागिने सोडवता येतीलच याची खात्री नसते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईला सांगावे लागत नाही. पेरणीसाठी डोरले सावकाराकडे जाते आणि पाऊस लांबला की ते तिथेच राहते. इथे रक्कम कोटीची होती आणि पाऊस दिल्लीत पडायचा होता. मध्यवर्ती कायदेमंडळात त्याच वर्षी पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा संमत झाला. त्याला मोतीलाल नेहरू आणि जीना यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला. आयात पोलादावर जकात बसली, कारखान्याने श्वास घेतला आणि हळूहळू कर्ज फिटले. भागधारकांना कित्येक वर्षे लाभांश मिळाला नाही. दोराबजी त्यांच्या सभांना तोंड देत राहिले. १९२८ मध्ये कामगारकपातीवरून मोठा संप झाला आणि सुभाषचंद्र बोस यांना मध्यस्थीला यावे लागले. तेव्हा, १९२४ नंतर सगळे सुरळीत झाले अशी गोड समजूत करून घेण्याचे कारण नाही. पण कारखाना उभा राहिला होता.

दोराबजींना मूलबाळ नव्हते. धाकटे बंधू रतनजी १९१८ मध्येच निवर्तले. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आर्थिक बळ देणारे ते हेच रतनजी. त्यांच्या मृत्युपत्रानुसार न्यास स्थापन झाला होता. घरात आता दोघेच उरले. मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा अधूनमधून त्यांच्याकडे येत आणि उद्योग, वीज, पोलाद यांच्या गप्पा ऐकत. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडल्या आणि १८ जून रोजी वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एक्कावन्न होते. वीस वर्षांनी लहान असलेली पत्नी आपल्याआधी जाईल, हे दोराबजींच्या हिशेबात कधीच नसणार. लंडनजवळ ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांनी तिचे स्मारक उभारले.

पुढचे वर्षभर ते एकाच कामात होते. पत्नीच्या नावे एक न्यास ल्युकेमियावरील संशोधनासाठी केला. तो फक्त भारतापुरता नव्हता. जगात कुठेही हे संशोधन करणाऱ्याला त्यातून साहाय्य मिळावे अशी तरतूद होती. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी दुसरा न्यास केला. आणि ११ मार्च १९३२ रोजी स्वतःची उरलेली सगळी संपत्ती तिसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. टाटा सन्समधले समभाग, जमीनजुमला, दागदागिने, मोत्याची टायपिनदेखील. बँकेतून परत आलेला ज्युबिली हिराही त्यातच गेला. लाभार्थींमध्ये प्रांत, राष्ट्र, धर्म असा कोणताही भेद करू नये, अशी अट त्यांनी घातली. पारशी समाजातल्या दानाची मोठी परंपरा पाहता ही अट तेव्हा साधी नव्हती.

महिन्याभरात ते पत्नीच्या थडग्याच्या दर्शनाला युरोपकडे निघाले. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगेन येथे त्यांचा मृत्यू झाला. वडीलही जर्मनीतच गेले होते. ब्रुकवुडला मेहेरबाईंशेजारी त्यांना ठेवण्यात आले.

विश्वस्तांनी पैसा लगेच उधळला नाही, हे बरे झाले. १९३६ मध्ये भायखळ्याजवळ नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली; क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून चेंबूरला गेली. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी मदत मागितली आणि पुढच्या वर्षी ती संस्था उभी राहिली. दोराबजींचा चित्रसंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पोहोचला. रतनजींचा आणि दोराबजींचा हे न्यास आणि घराण्यातले इतर न्यास मिळून टाटा सन्सचे सुमारे दोन तृतीयांश समभाग धारण करतात.

हिरा १९३७ मध्ये कार्तिए या पेढीमार्फत विकला गेला आणि त्याची रक्कम न्यासात जमा झाली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कर्करोगाचे रुग्णालय उघडले. त्या काळी या आजाराचे नावदेखील घरात मोठ्याने घेत नसत. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे सोपवण्यात आले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालते. केस पेपरावरचे नाव मात्र टाटांचेच राहिले.